उभ्या गाडीतला गरम वारा

धावताना थंड हवा देणारी आमची जुनी मोटारगाडी उभी राहिली की गरम हवा का देते, या एका प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. निवृत्तीच्या वेळी माझ्याकडे एक कोरी प्रयोगवही उरली होती. तिच्या पहिल्या पानावर मी हा प्रश्न शाईने लिहिला आणि खाली रेघ मारली. तीस वर्षे विज्ञान शिकवताना मी मुलांना सांगत आले होते की, प्रश्न आधी नीट लिहावा. "गाडी थंड होत नाही" हा प्रश्न नव्हे, ती तक्रार झाली. तक्रारीत केव्हा, कुठे आणि किती हे नसते. प्रश्नात ते असावे लागते.

केवळ कुतूहल म्हणून मी ही वही उघडली नव्हती. माझ्या पतींचा उजवा हात या उत्तरावर अवलंबून होता. ते कसे, हे आधी सांगायला हवे.

आम्ही सानगडीला राहतो. गावच्या तलावाखाली आमच्या थोड्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, आहेत आणि माझ्या पतींनी जन्मभर त्यांत धान पिकवले. हिवाळा सरत असताना एका सकाळी दोरीची गाठ मारता मारता त्यांच्या हातून दोरी सुटली आणि उजवी बाजू लुळी पडली. वाचा दोन दिवसांत परत आली. पायही काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र मिटलेल्या मुठीसारखा राहिला.

भंडाऱ्याच्या रुग्णालयात हाताचे व्यायाम घेणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिने आठवड्यातून तीन दिवस सकाळी अकराची वेळ दिली. ती मोजकेच बोलत असे आणि म्हणूनच तिचे बोलणे लक्षात राही. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काकू, पहिले काही महिने हात शिकायला तयार असतो. नंतरही शिकतो, पण फार कंटाळत शिकतो. खाडे करू नका."

आमच्याकडे दोन्ही वेळा भात असतो. तो हाताने कालवायचा, घास करायचा आणि खायचा. माझ्या पतींना आता डाव्या हातात चमचा धरावा लागे आणि अर्धा भात ताटाबाहेर जाई. ते भिंतीकडे तोंड करून जेवायला बसू लागले. लग्नाच्या पत्रिका आल्या की न उघडता म्हणत, "तू जाऊन ये. मी घरीच बरा हाय." पंगतीत बसायला आवडणारा हा माणूस. कोणत्या गावचे वरण पातळ आणि कोणत्या गावची बुंदी कडक, हे त्यांना पाठ होते. हात बरा होणे म्हणजे आमच्या घरी एवढेच होते : त्यांनी पुन्हा आमच्याकडे तोंड करून जेवावे.

एसटीच्या पायऱ्या त्यांना चढता येत नव्हत्या. भाड्याची गाडी लग्नसराईत ठरलेल्या दिवशी मिळेलच, याची खात्री नसे. राहिली आमची गाडी. ती पंधरा वर्षांची आहे. तिच्या काचा मुठीने फिरवून खाली-वर कराव्या लागतात आणि एसीचे खटके बोटाने आडवे सरकवावे लागतात. ती मी स्वतः चालवते. चैत्र लागला, ऊन वाढले, तसा एसी कमी पडू लागला. जवळच्या बाजारपेठेतल्या एका मिस्त्रीने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निदान केले, "गॅस कमी झाला." त्याने गॅस भरून दिला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. एसीचा गॅस बंद नळ्यांतून गोल फिरत असतो. पेट्रोलासारखा तो जळत नाही, म्हणून तो संपत नाही; कमी झाला तर त्याचा अर्थ तो कुठून तरी गळतो आहे. तेव्हा आधी गळती शोधायला हवी. हे मला माहीत होते. वर्गात एखाद्या मुलीने "गॅस संपला" असे लिहिले असते, तर मी त्याखाली लाल रेघ मारली असती. पण दुसऱ्या दिवशी अकराची वेळ होती, मी घाईत होते, आणि मी मिस्त्रीला काहीच विचारले नाही.

त्याच आठवड्यात, वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे, कारध्याजवळ एक ट्रक आडवा झाला आणि वाहनांची रांग लागली. आमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक. तोपर्यंत एसी बऱ्यापैकी चालत होता. उभे राहून पाच मिनिटे झाली नसतील, तोच एसीच्या समोरच्या झरोक्यातून येणारी हवा कोमट झाली आणि मग सरळ गरम वारा येऊ लागला. बाहेरचे ऊन भट्टीसारखे होते. काच पूर्ण उघडली तर झळा आत येत. पतींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला, आणि त्यांचे शब्द पुन्हा पहिल्या दिवसासारखे जड झाले. मी पिण्याचे सगळे पाणी त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर ओतून तो डोक्यावर धरला. रस्ता मोकळा होईपर्यंत मी किती वेळा त्यांना आकडे उलटे मोजायला लावले ते आठवत नाही. मला भीती वाटत होती की, हा दुसरा झटका आहे.

तो दुसरा झटका नव्हता, उष्णतेचा त्रास होता. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि बजावले की, अशा उन्हात गाडी गार राहत नसेल तर यांना आणू नका.

घरी आल्यावर पतींनी निर्णय जाहीर केला. "आता नाई येत मी. पावसाळ्यात पाहू."

"पावसाळ्यापर्यंत हात थांबणार नाही," मी म्हणाले.

"मंग का करू? हातासाठी जीव देऊ का?"

मी म्हणाले, "मला आठ दिवस द्या. गाडी उभी असताना गार राहिली तर याल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शाळा सुटली तरी बाई सुटल्या नाहीत, असे काहीसे त्या नजरेत होते. "आठ दिवस," ते म्हणाले. "नवव्या दिवशी मले इचारू नोको."

त्या रात्री मी वही काढली.

शाळेच्या दिवसांतला एक थर्मामीटर माझ्याकडे होता, काचेचा, लांब. तो मी झरोक्यात सुतळीने बांधला. अडचण अशी की, गाडी चालवणारीने रस्ता पाहायचा असतो, थर्मामीटर नव्हे. मी ही अडचण पतींसमोर मोठ्याने मांडली आणि दुसऱ्या संध्याकाळी ते काठी टेकत स्वतः गाडीपाशी आले. "तलावाच्या पाळीपावतरच," त्यांनी अट घातली. मांडीवर वही आणि डाव्या हातात पेन्सिल. ते वाचत, मोठ्याने बोलत आणि लिहीत. त्यांचे आकडे पहिलीतल्या मुलासारखे वाकडेतिकडे येत. त्यांना ते दिसत होते आणि मी पाहिलेले त्यांना आवडत नव्हते, म्हणून मी समोर पाहत राहिले.

तीन संध्याकाळी आम्ही हा प्रयोग केला. गाडी सरळ रस्त्यावर धावत असली की झरोक्यातली हवा सतरा-अठरा अंशांवर उतरे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी केली की दहा मिनिटांत ती एकोणतीसवर जाई. पुन्हा धावली की पुन्हा उतरे. तिन्ही दिवस हेच घडले, आणि जे तीनदा घडते त्याला मी योगायोग म्हणत नाही. गॅस खरेच कमी असता, तर धावतानाही हवा अशी गार झाली नसती. दोष उभे राहण्यात होता. धावत्या गाडीला जे मिळते आणि उभ्या गाडीला मिळत नाही, असे काय आहे? मी वहीत लिहिले : "समोरून येणारा वारा?" प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवले.

शहापूरला महामार्गालगत केवळ एसीचेच काम करणारा एक मिस्त्री आहे, असे मला त्या फिजिओथेरपिस्टनेच फोनवर सांगितले. सहाव्या दिवशी ऊन चढण्याआधी पोहोचावे म्हणून आम्ही पहाटे निघालो आणि भंडारा मागे टाकून सातला त्याच्या दारात उभे राहिलो. कडुलिंबाखाली पत्र्याची शेड, शेजारी एक लहान खोली आणि खोलीच्या खिडकीत मोठा कूलर. मिस्त्री चाळिशीचा होता. नऊला आला, चहा मागवला आणि विचारले, "का तकलीफ हाय जी?"

मी वही पुढे केली. त्याने हात फडक्याला पुसले आणि पाने शांतपणे वाचली.

"मॅडम, लोकं येतात, सांगतात थंडं नाई होत. कवा नाई होत, हे कोनी सांगत नाई. तुमी तर पूरा निकालच आनला."

"निकाल नापास हाय भाऊ," माझे पती म्हणाले. "पास करून दे."

"करून देतो, काकाजी. पन धूप होऊ द्या. सकाळी सगळ्याच गाड्या थंड्या रायतात. बिमारी दिसल्याबिगर दवाई कशी देऊ?"

हे वाक्य मला फार आवडले. पहिल्या मिस्त्रीने पाच मिनिटांत निदान केले होते. हा दोष दिसेपर्यंत थांबायला सांगत होता. त्याने पतींना खोलीत कूलरसमोर बसवले, मागची खिडकी उघडून दिली आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागला.

बाराच्या सुमारास त्याने आमची गाडी उन्हात उभी करून सुरू केली. थर्मामीटर वाचायला पतींनी स्वतःच जायचे ठरवले. "रोजचा कारकून मी हाय," ते म्हणाले. पाच मिनिटांहून जास्त बसायचे नाही, असे ठरवून मी त्यांना पुढच्या डाव्या जागेवर बसवले. मिस्त्री खिडकीतून आत वाकला आणि त्याने भुवया उंचावल्या.

"काच कायले उघडी हाय जी?"

काच वरून दोन बोटे उघडी होती. ती नेहमीच असे.

"आमच्या बाईचा नियम हाय," माझे पती म्हणाले. "पंधरा सालांपासून. दोन बोटं. ना कमी, ना ज्यादा."

"काहून पन?"

"कारण हवेला बाहेर जायला वाट लागते," मी म्हणाले. "आत ओलावा साठला तर बाष्पीभवन मंदावते आणि..." इथे माझे वाक्य माझ्याच तोंडात थांबले.

मिस्त्रीने अंगठ्याने मागच्या खोलीकडे दाखवले. "मॅडम, तो कुलर हाय. हा एसी हाय. कुलरले खिडकी पायजे, नाई तर घरात चिपचिप होते. याले सगळं बंद पायजे. आतली हवा घेते, थंडी करते, तीच पुन्हा घेते. तुमी दोन बोटांतून सारा भंडारा जिल्हा आत घेऊन राहिल्या."

पती इतके हसले की, थर्मामीटर हलला. "तीस साल पोराईले शिकवलं हिनं!"

"मुलांना मी कूलरच शिकवला," मी म्हणाले. "एसी अभ्यासक्रमात नव्हता."

विनोद तिथेच राहिला, पण चूक खरी होती. आमच्या भागात उन्हाळा म्हणजे कूलर. त्यात पाणी भरणे, पॅड ओले ठेवणे आणि खिडकी उघडणे हे आम्ही लहानपणापासून करत आलो. ओल्या फडक्यात थर्मामीटर गुंडाळून तो कसा उतरतो, हे मी दरवर्षी वर्गात दाखवले. तो नियम अचूकच होता, पण मी तो जिथे लागू पडत नाही अशा यंत्राला लावला, आणि इतक्या ठामपणे लावला की, पंधरा वर्षांत घरात कोणी विचारलेही नाही. मिस्त्रीने काच वर केली आणि बाहेरची हवा आत घेणारा खटका उलट बाजूला सरकवला.

थर्मामीटर एकोणतीसवरून सव्वीसवर आला. तिथेच थांबला.

एक कारण सापडले की शोध थांबवण्याचा मोह होतो. मिस्त्री थांबला नाही. पती घामाघूम झाले नव्हते, हे पाहून त्याने बादली आणि तांब्या आणला, गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला आणि समोरच्या जाळीवर हळूहळू पाणी ओतू लागला.

"काकाजी, बोलत राहा."

"सव्वीस," आतून आवाज आला. "सव्वीस... पंचवीस. तेवीस. अरे, उतरून राहिला! एकवीस!"

जाळीवरचे पाणी सुकले तसा आकडा पुन्हा चढू लागला. मिस्त्रीने दुसऱ्यांदा पाणी ओतले, तो पुन्हा उतरला.

त्याने मला जे दाखवले ते असे होते. गाडीच्या आतली उष्णता गॅस उचलतो आणि पुढे, नाकाजवळच्या जाळीत आणून टाकतो. या जाळीला कंडेन्सर म्हणतात. तिथून ती वाऱ्याने बाहेर न्यायची असते. गाडी धावत असली की वारा जोराने येतो. उभी असली की जाळीमागचा पंखा ओढील तेवढाच वारा. पंखा फिरत होता, मी स्वतः पाहिला. पण जाळीतून वारा येतच नव्हता. पाण्याने काही क्षण वाऱ्याचे काम केले, म्हणून आकडा उतरला. मग त्याने नळ्यांना दाब मोजायचे घड्याळ लावले. दाब कमी नव्हता, जास्त होता.

"गॅस ज्यादा हाय. कोनीतरी भरून पोट फुगवून ठेवलं गाडीचं."

म्हणजे पहिल्या उपचाराने दुखणे वाढवले होते. मी घाईत न विचारलेल्या एका प्रश्नाचे ते फळ होते आणि पुलाजवळचा तो गरम वारा त्यातूनच आला होता. पतींना मी गाडीतून उतरवून पुन्हा कूलरसमोर नेले.

मिस्त्रीने पुढचा बंपर काढला आणि रेडिएटर सैल करून थोडा मागे घेतला. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या बोटभर फटीत दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा एक जाड, करडा थर बसला होता. लांब पक्कडीने ओढला तेव्हा तो सबंध तुकड्यांत बाहेर आला. धूळ, धानाच्या तणसाच्या काड्या, कोंडा, आणि मधूनमधून चमकणारे दाणे. त्याने ते सगळे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर ठेवले.

"हे का हाय? गाडी हाय का खळं हाय?"

याचे उत्तर मला लगेच कळले. दिवाळीनंतर आमच्याकडे ज्यांच्या घरी मळणीला ट्रॅक्टर लावण्याइतके धान नसते, ते पेंढ्या सोडून डांबरी रस्त्यावर पसरतात. नंतर उडीद, मग लाखोरी ही डाळ. जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. काठावर उभी असलेली बाई हात हलवून म्हणते, "मॅडम, वरून घ्या!" गाडी बाजूने नेणे हा आमच्या गावात उद्धटपणा समजला जातो. त्या घरांतली मुले माझ्याच वर्गात होती. मी तर एकदा वरून जाऊन थांबत नसे. पुढे जाऊन गाडी वळवत असे आणि पुन्हा एकदा वरून आणत असे, कधी तिसऱ्यांदाही. चाके दाणे सोडवत आणि पंखा उडालेला कोंडा आत ओढत असे. पंधरा हिवाळ्यांचा तो उपकार फटीत जमून राहिला होता.

आमचे बोलणे ऐकून पती खोलीतून बाहेर आले. डाव्या हातात काठी होती. पोत्याजवळ येऊन ते वाकले. धान पिकवणाऱ्या माणसाला सांडलेला दाणा दिसला की तो उचलून पाहिल्याशिवाय राहवत नाही. डावा हात काठीवर होता. तेव्हा उजवा पुढे गेला.

फिजिओथेरपिस्ट त्यांना वाटीतले प्लास्टिकचे मणी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलायला लावत असे. ते त्यांना मुळीच आवडत नव्हते. "मी का बालवाडीत हाय?" म्हणून ते वाटी सरकवून देत. आता त्यांची बोटे दाण्याशी गेली, अंगठा मागेच राहिला आणि दाणा निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा अंगठा आडवा आला आणि दाणा त्याच्या आणि तर्जनीच्या कडेमध्ये अडकला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"चिन्नोर धान हाय," ते म्हणाले. "वळणावरच्या बांधीतलं. ती बाई दरसाल तिथंच पसरवते."

मग त्यांना माझी नजर दिसली, त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले आणि दाणा खाली पडला.

"का पाहून राहिली?"

"काही नाही."

"पडला ना."

"पडला. पण उचलला होतात."

मिस्त्रीला यातले काहीच माहीत नव्हते. तो म्हणाला, "काकाजी, अजून लय हाय खाली. पायजे तेवढं घ्या." आणि माझे पती खरोखरच स्टुलावर बसून दाणे वेचत राहिले. पाचांत एक हाताला लागे. मी मोजत होते, पण वहीत लिहिले नाही.

कामाला दुपार गेली. मिस्त्रीने कमी दाबाच्या पाण्याने जाळी मागून पुढे धुतली, वाकलेल्या पात्या मऊ ब्रशने सरळ केल्या आणि दोन जुन्या रबरी कड्या बदलल्या. मग जुना गॅस यंत्राने काढून घेतला, नळ्यांतली हवा ओढून घेतली आणि काटा थांबून राहतो का, हे अर्धा तास पाहिले. काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. बॉनेटच्या आतल्या झिजलेल्या चिठ्ठीवर गॅसचे वजन लिहिले होते. तेवढाच गॅस त्याने तराजूवर तोलून, सोनार तोलतो तसा, नळ्यांत सोडला. मी चिठ्ठीवरचा आकडा आणि तराजूवरचा आकडा दोन्ही वाचून घेतले. त्याला राग आला नाही.

परतीच्या वाटेवर, ऊन अजून कडक असताना, वैनगंगेच्या पुलाआधी पुन्हा रांग लागली. मी गाडी थांबवली. पतींचा डावा हात सवयीने काचेच्या मुठीकडे गेला आणि थांबला.

"बाई, नियम बदलला ना?"

"बदलला."

दहा मिनिटे झाली, मग पंधरा. पुढच्या ट्रकचा चालक खाली उतरून टायरच्या सावलीत बसला. झरोक्यातून गार वारा येत होता. पतींनी थर्मामीटरवर वाकून पाहिले आणि वहीत, डाव्या हाताने, सोळा लिहिले. पाच मिनिटांनी त्याच्याखाली पुन्हा सोळा. मग वही मिटून ते म्हणाले, "सोमवारी किती वाजता निघायचं?"

सोमवारी मी पिशवीत चिन्नोरच्या धानाची वाटी घेऊन गेले. फिजिओथेरपिस्टने मणी बाजूला ठेवले आणि त्यांना दाणे उचलताना काही वेळ नुसते पाहिले. "मण्यांचा एवढा राग होता तर आधी सांगायचं ना, काका," ती म्हणाली.

"सांगतलं होतं. तुमी आयकलं नाई."

वैशाख आणि ज्येष्ठात आमचा एकही खाडा झाला नाही. हात पूर्ण बरा झाला, असे मी लिहिणार नाही, कारण तो झालेला नाही. शर्टाची वरची गुंडी अजून मी लावते. पण पहिले सात-आठ घास ते उजव्या हाताने खातात, थकले की चमचा घेतात, आणि जेवताना आमच्याकडे तोंड करून बसतात. लग्नसराईच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही सानगडीतच एका पंगतीत बसलो. त्यांच्या ताटाबाहेर बराच भात सांडला. वाढणाऱ्याने विचारले तेव्हा त्यांनी आणखी मागून घेतला आणि वरण पातळ असल्याची तक्रार केली.

आता धानाची रोवणी आटोपली आहे. परवा मी म्हणाले की, या दिवाळीनंतर रस्त्यावरच्या धानावरून गाडी नेणे बंद करावे. ते म्हणाले, "कायले? जा तू वरून. जाळी मी साफ करत जाईन. तेवढीच हाताले कसरत." मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. त्याच्या वर सोळाच्या दोन नोंदी आहेत आणि खाली त्यांनी मागाहून उजव्या हाताने काढलेला तिसरा सोळा आहे. त्यातला सहा आडवा पडला आहे, पण वाचता येतो.

हे सगळे एका गाडीचे, एका उन्हाळ्याचे आणि एका थर्मामीटरचे आहे. माझी काच पंधरा वर्षे दोन बोटे उघडी होती, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमची गाडी धावताना थंड आणि उभी असताना गरम हवा देत असेल, तर कोणाला गॅस भरू देण्याआधी काचा पूर्ण बंद करा, झरोक्यात थर्मामीटर बांधा, गाडी मोकळ्या जागेत उभी करून समोरच्या जाळीवर हळूहळू तांब्याभर पाणी ओता आणि आकडा उतरतो का, ते कृपया स्वतः तपासून पाहा.